आक्कांची चरबी

केतकी शिलाईच्या मशीनवर बसली आणि मोजून अकराव्या सेकंदाला फोन वाजला.

"बसलीस नव्हं?" पलीकडून आक्का. ना हॅलो, ना कशी आहेस. "उठ आधी."

"टेकले फक्त, आक्का. सुईत दोरा ओवायला."

"उभ्यानं ओव. मी पन्नाशीत उभ्यानं ओवते, तुला काय झालं? सातशे मिली दिलीय, चेपून टाकू नकोस."

केतकी उठली. टेबलाला धरून, दातओठ खात उठली. शस्त्रक्रियेनंतरचा बारावा दिवस होता आणि अजून तीस दिवस तिला बसायला बंदी होती. मशीनच्या पायांखाली विटा घालून ते उंच केलं होतं, पण उभ्यानं काष्ट्याला टीप मारणं म्हणजे काय असतं ते ज्यानं मारलीय त्यालाच ठाऊक. कंबर धरली होती, पाय भरून आले होते. आणि हे सगळं बघायला, म्हणजे फोनवर बघायला, दोन गल्ल्या पलीकडे नणंद टपून बसली होती. ती मात्र खुशाल बसू शकत होती.

हे प्रकरण इथवर आलं कसं ते आधी सांगायला हवं, नाहीतर केतकीला कुणीही खुळ्यात काढेल.

कराडात शनिवार पेठेत केतकी निकमचं शिवलेल्या नऊवारीचं दुकान होतं. पायजम्यासारखी पायांत चढवायची, नाडी बांधायची, झालं. आठ वर्षांत तिनं किती नवऱ्या नटवल्या त्याला गणती नाही. पण नऊवारीची सगळी ऐट मागच्या काष्ट्यात, आणि काष्ट्याची सगळी ऐट मागच्या भरदारपणात. केतकीकडे नेमका तोच नव्हता. ती मागून पाहिली तर मानेपासून टाचेपर्यंत सरळ. स्वतः शिवलेली नऊवारी स्वतः नेसून दाखवायची वेळ आली की काष्टा दोरीवर वाळत घातल्यासारखा लोंबे. दोन वर्षं तिनं बैठका मारल्या, तूप खाल्लं. बैठकांनी गुडघे धरले आणि तूप कुठं गेलं ते कळलं नाही. मग एक दिवस उंब्रजची एक वरमाय दुकानात सगळ्यांदेखत म्हणाली, "तुमच्याच अंगावर असं दिसतंय, तर आमच्या सुनेचं काय व्हायचं?" ती बाई साडी न घेता गेली. केतकीनं त्याच दुपारी डॉक्टर निलोफर मुजावर यांची वेळ घेतली.

डॉक्टर मुजावर स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी केतकीच्या पोटाला, कमरेला चिमटे घेऊन पाहिले आणि मान हलवली. "तुमचीच चरबी काढून मागं भरायची म्हटली, तर काढायला काही नाहीच इथं. दुसऱ्याची घ्यावी लागेल."

दुसऱ्याची चरबी घेता येते हे केतकीनं बातम्यांत ऐकलं होतं, पण आपल्या गावात होतं हे तिला नवीन होतं. डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला. "ही चरबीची पेशी. तिच्या अंगावर मालकाच्या खुणा असतात. पूर्वी परकी पेशी आली की शरीर त्या खुणा वाचायचं आणि तिला मारून टाकायचं. आता आम्ही प्रयोगशाळेत त्या खुणा पुसतो. पेशी जिवंत राहते, आणि पाहुणा आलाय हे तुमच्या शरीराला कळतच नाही."

"आणि भरता कशी? ओतता?"

"ओतली तर मधल्या पेशींना रक्त मिळत नाही, त्या मरतात. तांदळाच्या दाण्याएवढे ठिपके, एकेक वेगळा. रोपं लावतात तसे. पूर्वी एवढं करूनही तिसरा हिस्सा विरून जायचा, आता दहावा जातो. आणि सुई कातडी आणि स्नायू यांच्या मधेच राहते. एके काळी ती खोल जायची, चरबी मोठ्या शिरेत शिरून फुप्फुसात पोचायची आणि माणसं टेबलावर दगावायची. आता सुईच्या टोकालाच ध्वनिलहरींचा डोळा आहे. स्नायूजवळ गेली की यंत्र आपोआप थांबतं."

मग त्यांनी पुढं काय काय सोसायचं ते सांगितलं. दोन आठवडे सूज आणि काळेनिळे डाग. दोन महिने घट्ट चड्डी, दिवसरात्र. झोपायचं पालथं. आणि सहा आठवडे बसायचं नाही.

"जेवायला?"

"उभ्यानं."

"गाडीवर?"

"नाही."

"आणि... सकाळी?"

"तेवढी सूट आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण मोबाईल घेऊन जाऊ नका."

अडचण एकच होती. मागच्या बाजूला भरायला मांडीची चरबी चांगली. पोटाची चरबी उतावळी, लवकर फुगते, लवकर आटते. दान आलेली चरबी ठेवायच्या पेढीत पोटाची हवी तेवढी पडली होती, कारण पोट कमी करून घ्यायला सगळेच एका पायावर तयार. मांडीच्या चरबीसाठी दोन वर्षांची यादी होती. केतकी हिरमुसून घरी आली आणि ते बोलणं आक्कांच्या कानांवर गेलं.

आक्का म्हणजे केतकीच्या नवऱ्याची, ऋतुराजची, थोरली बहीण. नाव सुप्रिया जगदाळे, पण ते नाव फक्त मतदार यादीत. वडील लवकर गेले तेव्हापासून निकमांच्या घराचा कारभार आक्कांनी हाकला, आणि लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेल्या तरी लगाम सोडला नाही. केतकी नवी नवरी असताना त्यांनी डब्यातून बेसनाचे लाडू पाठवले होते. केतकीनं डबा घासून, पुसून, लख्ख करून परत पाठवला. रिकामा. आक्कांनी ते महिनाभर सगळ्या नातेवाइकांना ऐकवलं. "अगं, साखर तरी घालून पाठवायची चिमूटभर. रिकामा डबा परत करत नसतात." केतकी एरवी त्यांना आक्का म्हणे. डोकं तापलं की मात्र ती जुन्या बायकांसारखं 'वन्सं' म्हणे, आणि आक्कांना तो इशारा बरोबर कळे.

तर त्या आक्का स्वतःच्या मांडीवर थाप मारून म्हणाल्या, "यादी कशाला? माझी घे की. इथं काय कमी आहे? माझं ओझं उतरंल आणि तुझं भरंल."

केतकीच्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढ्या मनानं अंगातलं काढून कोण देतं? ती वाकून आक्कांच्या पाया पडली. तो शेवटचा उमाळा. त्यानंतर आला तो वैताग.

वैतागाचं मूळ होतं एका फॉर्ममध्ये. चरबी भरताना डॉक्टर आत मोहरीएवढा एक दाणा ठेवत. तो दाब मोजे, ऊब मोजे, आणि चरबी किती वाढली किती घटली ते रोज कळवे. कुणाला कळवायचं तो क्रमांक फॉर्ममध्ये लिहायचा. फॉर्म ऋतुराजनं भरला. आता निकमांच्या घरात शाळेचा असो, गॅसचा असो की विम्याचा, फॉर्म आला की संपर्क क्रमांक आक्कांचाच. वीस वर्षांची सवय. त्यानं डोळे मिटून आक्कांचा नंबर लिहिला आणि खाली सही केली. दाणा त्या क्रमांकाला वर्षभरासाठी जोडला गेला.

"बदलता येत नाही?" केतकीनं डॉक्टरांना विचारलं तेव्हा तिचा आवाज रडवेला झाला होता.

"दाणा काढूनच बदलता येईल. म्हणजे पुन्हा चिरायचं."

"तूच लिहिलास," केतकी घरी येऊन नवऱ्यावर उखडली.

"आता आक्काचा स्वभाव तुला माहितीच..."

"स्वभाव मला माहितीय. नंबर तू लिहिलास."

ते बेचाळीस दिवस कसे गेले ते केतकीनं कुणाला विचारू नये आणि कुणी तिला विचारू नये. ती ओट्याशी उभी राहून जेवली. पालथी झोपून मान अवघडली. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं आणि मालकीण उभी, हे बघून बायकांना वाटे आपली किती बडदास्त. सगळ्यात कळस झाला तो एसटीत उभ्यानं जाऊन गाठलेल्या मसूरच्या साखरपुड्यात. बायकांनी सतरंजीवर जागा करून दिली, "बस गं केतकी, बस," म्हणून हाताला धरून ओढू लागल्या. केतकी कंबरदुखीचं काहीतरी पुटपुटत होती तोवर मांडवाच्या पलीकडून आक्कांचा आवाज आला, "तिला बसवू नका! आत माझी सातशे मिली आहे!"

चाळीस बायका वळल्या आणि चाळीसही जणींनी एकाच जागी पाहिलं. नवरदेवाच्या आत्यानं तर चष्मा लावला. केतकीला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

"वन्सं, काय हे?" ती परतीच्या वाटेवर म्हणाली.

"लाज कसली त्यात? चोरून आणलीय का?"

सहा आठवडे झाले. सूज उतरली, डाग गेले. एका सकाळी केतकीनं दार लावून स्वतःची मोरपंखी नऊवारी चढवली, नाडी बांधली आणि आरशाकडे पाठ करून मान वळवली. काष्टा बसला होता. जसा कागदावर काढला होता तस्सा, एकही सुरकुती इकडची तिकडं नाही. ती तशीच दहा मिनिटं मान वळवून उभी राहिली. आठ वर्षं दुसऱ्यांच्या अंगावर पाहिलेलं आज स्वतःच्या अंगावर आलं होतं आणि तिला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली. त्या दिवशी तिनं चालतानाचा एक छोटा व्हिडिओ टाकला. पुढं दिवाळीनंतर तो पुण्याच्या एका मोठ्या लग्नबस्त्याच्या दुकानानं पाहिला. तुमचा काष्टा आमच्या सगळ्या शाखांत ठेवू, ते म्हणाले, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत चित्रीकरण करू. अट एकच, व्हिडिओत आहे तशी तुम्हीच नेसून चालायचं.

सगळं मनासारखं झालं होतं. फोन सोडून.

बसायची बंदी उठली तरी वर्षभर सलग चाळीस मिनिटांवर बसायचं नाही असा नियम होता. एकेचाळिसाव्या मिनिटाला फोन. आणि आता वाढ-घटही कळू लागली. "कालच्यापेक्षा बारा मिली वाढलीय. कुणाचं लग्न जेवलीस?" "आठ मिली घटलीय, आजारी आहेस का? शिरा पाठवते." केतकीनं पेढा तोंडात टाकावा आणि दोन गल्ल्या पलीकडे त्याची नोंद व्हावी. आक्का दळण आणायला निघाल्या तरी वाटेत दुकानात डोकावत, केतकीला नखशिखांत न पाहता थेट मागं पाहत आणि समाधानानं म्हणत, "बरी आहे."

"मी बरी आहे का ते विचारा की," केतकी एकदा म्हणाली.

"तू दिसतीयस की मला."

वर भुकेचा ताप वेगळाच. जन्मात दुपारी चारला न खाणारी केतकी आता बरोबर चारला खवळून उठे. डॉक्टर मुजावर हसल्या. "चरबी नुसती साठवण नाही हो. ती मेंदूला निरोप धाडते, पुरे की अजून हवं. आणि प्रत्येक पेशीत एक घड्याळ असतं. जगदाळेबाई चारला काय करतात?"

"चहा आणि दोन खारी. तीस वर्षं."

"मग घड्याळ त्यांचं लागलंय."

आक्कांना हे कळल्यावर त्यांनी छाती पुढं काढली. "गुरुवारी बघ, भूक लागणार नाही तुला. माझा उपवास असतो." पेशीला वार कळत नाहीत, डॉक्टरांनी शपथेवर सांगितलं. पण पुढच्या गुरुवारी केतकीला खरंच भूक लागली नाही आणि तिचा इतका संताप झाला की तिनं मुद्दाम वडापाव खाल्ला.

असे दहा महिने गेले.

माघात एकदा केतकी पुण्याच्या दुकानासाठी नमुन्याची नऊवारी शिवत बसली आणि कामाच्या नादात सव्वा तास कसा गेला ते कळलं नाही. घड्याळ पाहून ती दचकली. फोन वाजला नव्हता. तिनं फोन उचलून पाहिला, बंद नव्हता. बरं झालं, ती म्हणाली आणि आणखी अर्धा तास मजेत बसली.

दुसऱ्या दिवशीही फोन नाही. तिसऱ्या दिवशी ओळखीच्या घरी पुरणपोळीचं जेवण झालं, तिनं चार पोळ्या हाणल्या. फोन नाही. चौथ्या दिवशी केतकी काम नसताना मशीनवर जाऊन बसली, समोर फोन ठेवला आणि घड्याळ लावलं. चाळीस मिनिटं झाली. पन्नास झाली. माणसाला कशाचीही सवय होते. तिला आता ती शांतता सोसवेना. ती चपला घालून निघाली.

आक्का पलंगावर पडल्या होत्या. दुपारचे चार वाजले होते आणि चहा केलेला नव्हता. गेल्या महिन्याभरात केतकीनं त्यांना नीट पाहिलंच नव्हतं, हे तिला आता कळलं. मांड्या सुकल्या होत्या, चेहरा काळवंडला होता आणि पोट मात्र मडक्यासारखं पुढं आलं होतं.

"झोपलेय जरा. तू कशी आलीस?"

केतकी चहा ठेवायला आत गेली. साखरेच्या डब्याच्या जागी डबाच नव्हता. कॅलेंडरच्या खिळ्याला दवाखान्याचे कागद अडकवले होते. तिनं ते काढले. रक्तातली साखर, यकृताचा फोटो, यकृतावर चरबी, तारीख पाच महिन्यांपूर्वीची. खाली डॉक्टर मुजावरांचं अक्षर तिनं ओळखलं: 'दाता-चरबी परत बसवणे, घेणाऱ्या व्यक्तीशी बोलावे.' त्यापुढं कुणीतरी पेनानं जोरात काट मारली होती.

ती कागद घेऊन बाहेर आली. "हे काय आहे?"

"ठेव ते जागेवर."

"वन्सं, हे काय आहे?"

आक्कांनी तोंड भिंतीकडं केलं. केतकीनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला.

"मी सांगत होते त्यांना," डॉक्टर म्हणाल्या. "मांडीवरची चरबी हे शरीराचं कोठार. खाल्लेलं जास्तीचं तिथं सुखरूप राहतं. आम्ही कोठार काढून घेतलं, पण धान्य यायचं थांबलं नाही. मग पोती ठेवायची कुठं? माजघरात, चुलीपाशी, देवापुढं. तशी चरबी आता यकृतावर बसतीय. सगळ्यांना होत नाही, यांना झालं. औषधं सोसत नाहीत, उलट्या होतात. पेढीतल्या मांडीच्या चरबीला दोन वर्षं, आणि तेवढा वेळ त्यांच्या यकृताजवळ नाही. त्यांच्याच पेशी परत मिळाल्या तर काम होईल."

"मला का नाही सांगितलं?"

"पेशंट नको म्हणाला की माझं तोंड बंद."

केतकीनं फोन ठेवला आणि कागद आक्कांच्या उशाशी आपटले.

"पाच महिने!" केतकी भडकली. "पाच महिने माहिती होतं आणि रोज फोन करून मला बारा मिली, आठ मिली ऐकवत होता? मागायला काय झालं होतं?"

"दिलेलं मागायचं नसतं."

"रोज तर मागत होता!"

"मागत नव्हते गं. विचारत होते." आक्का अजून भिंतीकडंच बघत होत्या. "आपलं काहीतरी कुठंतरी धड आहे, एवढंच बघत होते. मग गेल्या आठवड्यात नवा रिपोर्ट आला आणि ते नंबर बघवेनात. म्हणून चार दिवसांमागं ते बंदच करून टाकलं फोनवरचं. आणि तुझा पाडवा आलाय. पुण्याचे लोक यायचेत. तू आरशात बघत असतेस, मी बघितलंय बाहेरून. लई खूश असतेस."

केतकीला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. हिचा राग यावा तर ही अशी काहीतरी बोलते, आणि माया करावी म्हटलं तर साखरपुड्यात चाळीस बायकांपुढं ओरडते. करायचं काय या बाईचं?

"उठा," ती म्हणाली.

"कुठं?"

"मुजावरबाईंकडं."

आक्का उठल्या नाहीत. दोन दिवस हो-नाही चाललं. ऋतुराज मध्ये पडायला गेला आणि दोघींनी मिळून त्याला झोडपलं. तिसऱ्या दिवशी आक्का उठल्या. पुण्याला केतकीनं खरं ते सांगितलं, की व्हिडिओतली केतकी पाडव्याला नसेल, काष्टा मात्र तोच असेल. तिकडून आधी 'कळवतो' आलं. मग, "बघू आपण पुढच्या वर्षी." पुढचं वर्ष म्हणजे कधीच नाही, हे धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या संध्याकाळी केतकीनं मोरपंखी नऊवारी चढवून शेवटचं आरशाकडे पाठ करून पाहिलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. तिला ते शरीर आवडलं होतं. उसनं होतं तरी आवडलं होतं.

दवाखान्यात फॉर्म आला तेव्हा ऋतुराजनं सवयीनं पेन काढलं. आक्कांनी ते त्याच्या हातातून ओढून घेतलं. "तू राहू दे. मागं एकदा भरलास तेवढा पुरे." त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ स्वतः भरली. संपर्क क्रमांकाशी आल्यावर त्या थांबल्या. वीस वर्षं घरातल्या प्रत्येक कागदावर तिथं त्यांचाच नंबर होता. त्यांनी केतकीकडे न बघता विचारलं, "तुझा नंबर सांग गं. पाठ नाही मला."

केतकीनं सांगितला. आक्कांनी एकेक आकडा कोरल्यासारखा लिहिला आणि फॉर्म उलटा करून ठेवला.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर बाहेर आल्या. "सगळी निघत नाही, थोडी तुमच्याकडे राहिली. पण सातशे साठ मिली निघाली, यांच्या मांड्यांत आणि मागं भरली."

स्ट्रेचरवर पालथ्या पडलेल्या आक्कांनी ग्लानीतही मान वर केली. "मी सातशेच दिलेली."

"पेशी तुमच्याच," केतकी म्हणाली, "वरची साठ माझ्या घरच्या तुपाची. रिकामा डबा परत करत नसतात म्हणून ऐकवलं होतंत ना महिनाभर?"

आक्का काहीतरी म्हणाल्या, पण तोंड उशीत होतं.

पाडवा आला. मधल्या दिवसांत केतकीनं कागद पसरून काष्ट्याचा साचा नव्यानं आखला, मागं आतून दोन चुण्या वाढवल्या, उसवल्या, परत घातल्या. आधीचा रुबाब आला नाही, पण लोंबायचा थांबला. आठ वर्षं हे का सुचलं नाही म्हणून ती स्वतःवरच चिडली. मग तीच नऊवारी नेसून, नथ घालून, ती शोभायात्रेत निघाली. ढोल वाजत होते, पुढं लेझीम होतं. उंब्रजची तीच वरमाय गर्दीतून वळून वळून काष्ट्याकडे बघत होती आणि केतकी नाकासमोर बघून चालत होती.

दत्त चौकात तिच्या कमरेचा फोन थरथरला. तिनं काढून पाहिला. 'दाब. नितंब, दोन्ही बाजू.'

केतकी रांगेतून बाहेर आली, एका बंद दुकानाच्या पायरीवर चढली आणि नंबर लावला. ढोलांच्या आवाजात तिला ओरडावंच लागलं.

"बसलात नव्हं?"

"टेकले फक्त," पलीकडून आक्का. मागं पुरणाच्या यंत्राचा खडखडाट येत होता. "पुरण वाटायला. मिक्सरचं काय पुरण असतं होय? यंत्र पायांत धरल्याशिवाय..."

"उठा आधी, वन्सं. सातशे साठ दिलीय, चेपून टाकू नका."

"अगं, पण पाव किलोच राहिलंय..."

"उभ्यानं वाटा."

पलीकडं यंत्र थांबलं. भांडं सरकल्याचा, कण्हत कण्हत कुणीतरी उठल्याचा आवाज आला. "उठले बाई, उठले. हा काय ताप आहे जिवाला!"

केतकीनं फोन कमरेला खोचला, नथ सारखी केली आणि पायरी उतरली. अकरा पावलंही चालली नसेल, तोच फोन पुन्हा थरथरला.